पंपाचं नाव काढणार नव्हते

नाशिक, ९ मे

प्रिय चिऊ,

बसची काच लावून घेतलीस, वळून पाहिलंसुद्धा नाहीस. सगळ्यांसमोर शिबिराच्या ताईंच्या हातात तुझा दम्याचा पंप द्यायला नको होता. चुकलं माझं. या पत्रात त्याचं नावही काढणार नाही.

पुण्याच्या शिबिराचं पत्रक फ्रिजवर लावलंय. आज काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे ना? अरविंद गुप्तांच्या खेळण्यांतलं? चौकोन बोटानं ढकलला की कलतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. छपराची कैची बघ, तिथेही तोच. काड्यांचा गुल खरवडायचं काम दुसऱ्या कुणाला दे, ती पूड नाकात जाते.

उद्या वारली चित्रं. तिथेही त्रिकोणच, टोकाला टोक लावलेले दोन, की झाला माणूस! बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करा, तांदळाचं पीठ नीट कालवा. कोरडा गेरू भिजवताना तू लांब थांब. आणि पंप दप्तरात नको, खिशात.

काढलंच नाव. रागावू नकोस.

चार वर्षांची होतीस. रात्री दोनला दवाखान्यात तुला मास्क लावलेला, छाती भात्यासारखी हलत होती. बाबा त्या आठवड्यात नेमके घरी नव्हते. मी तुझी नखं निळी पडतायत का बघत होते, आणि तू मास्क सरकवून विचारलंस, "पाणी गरम नाही, मग वाफ कशी?" डॉक्टर हातातलं काम सोडून सांगत बसले, ही वाफ नाहीच, जोराच्या हवेनं औषधाचे बारीक थेंब उडतात. तुला तेवढंच आठवतं. मला तो घरघराट अजून झोपेत ऐकू येतो. पण तुझा तो प्रश्न मी किती जणांना सांगितला असेल!

१३-१४ तारखेला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येईल, दुपारी साडेबाराच्या सुमारास. उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखालीच जाईल. टोपी घाल. पळापळ करून लगेच उन्हात... जाऊ दे.

आपण उत्तरेला, म्हणून नाशकात तो दिवस २० तारखेच्या आसपास. तोवर तू घरी असशील. आजीचं मुसळ माळ्यावरून काढून ठेवलंय, गच्चीत उभं करू. मी हे कधीच पाहिलेलं नाही, तू दाखव.

ताईंकडून पंप मागून घे, तुझ्याजवळच ठेव. कधी घ्यायचा ते तुला कळतं. रात्री तेवढा उशाशी असू दे.

तुझी,
आई