मा. सहकारमंत्र्यांना खुले पत्र : गच्चीवरच्या वीस मीटर तारेबद्दल

मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवरची हौशी रेडिओची (छंद म्हणून परवाना घेऊन रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्या 'हॅम' मंडळींची) अँटेना व्यवस्थापक समितीच्या सांगण्यावरून पकडीने तोडण्यात आली. याच समितीने आधी "लावा, हरकत नाही" असा तोंडी शब्द दिला होता. तोडताना नोटीस दिली नाही, ठराव केला नाही. कापलेली कोॲक्स केबल (अँटेना आणि रेडिओ जोडणारी, आत तार व भोवती तांब्याची जाळी असलेली) उघड्या तोंडाने डक्टमध्ये लोंबकळत राहिली. रात्री वळीव कोसळला, पाणी तांब्याच्या जाळीतून आत उतरले आणि तीस मीटर केबल कायमची निकामी झाली. ज्या सभासदाची ही अँटेना, त्याने केंद्र सरकारची परीक्षा दिलेली आहे आणि त्याच्याकडे १९७८ च्या हौशी सेवा नियमांखालचा परवाना व कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची अधिकृत ओळख, आहे. भारत सरकार त्याला प्रक्षेपणाची परवानगी देते आणि पाच माणसांची समिती ती एका पकडीने काढून घेते.

तोडले काय, तेही नीट समजून घ्या. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्धतरंग डायपोल, म्हणजे अर्ध्या तरंगाइतक्या लांबीची तारेची अँटेना: १४३ भागिले ७.१, साधारण २०.१ मीटर तार. मधोमध जोड, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. दीड चौरस मिलिमीटरची घरात वापरतो तीच वायर चालते. मध्य सहा मीटरच्या फायबरग्लासच्या काठीवर, टोके कठड्याकडे तीन मीटर उंचीवर, म्हणजे कोणाचा हात पोचत नाही. रस्त्यावरून ही तार दिसतसुद्धा नाही.

समित्यांच्या हरकतींपैकी एक आम्हाला पूर्ण मान्य आहे, ती म्हणजे गळती. ब्रिकबॅट कोब्यात किंवा स्लॅबमध्ये एक जरी भोक पाडले तरी पुढच्या जूनमध्ये खालच्या घराच्या छताला ओल येते. म्हणून जाणकार हॅम गच्चीला ड्रिल लावतच नाही. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत मध्यभागी पाइप उभा करून काँक्रीट ओतले की जवळपास ४८ किलोचा पाया तयार होतो. खाली जुन्या टायरचा तुकडा घालायचा आणि तीन बाजूंनी ताण द्यायचा. ताणाला पिवळी प्लॅस्टिकची दोरी कधीच वापरू नये, उन्हात ती भुगा होते आणि वाऱ्यात काठी आडवी येते. ऊन सोसणारी पॉलिएस्टरची दोरीच हवी. हे सगळे अटीत लिहा, आम्ही पाळू. पण गळतीचे नाव पुढे करून बादलीवर उभी असलेली काठी तोडायची, हा शुद्ध अन्याय आहे.

दुसरी हरकत विजेची. उंच गोष्टीवर वीज पडू शकते हे खरे, पण इमारतीवर पाण्याची टाकी आणि तिच्यावर तडितरक्षक आधीच आहे. अँटेना त्याच्या टोकाच्या बरीच खाली ठेवायची. केबल घरात शिरण्याआधी गॅस-ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारे उपकरण) बसवायचा आणि त्याचे अर्थिंग १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने इमारतीच्याच अर्थिंगला जोडायचे. वेगळी सळई ठोकून तिच्यावर थांबणे ही नेहमीची घातक चूक: जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो घरातल्या उपकरणांमधून वाट काढतो. वळवाच्या दिवसांत केबल उपसून ठेवायची, हा हॅमचा रोजचा शिरस्ता आहे.

तिसरी हरकत "रेडिएशन". शंभर वॅटच्या संचातून बोलताना सरासरी शक्ती वीस वॅटच्या आसपास असते, तीही फक्त बोलत असेपर्यंत. अर्धा वेळ तर ऐकण्यात जातो. अनेक संस्था याच गच्च्या मोबाइल कंपन्यांना भाड्याने देतात. ते मनोरे चोवीस तास चालू असतात. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशातली त्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे, म्हणून त्यांनाही आमचा विरोध नाही. पण भाडे आले की रेडिएशनची भीती जाते आणि सभासदाने फुकट तार बांधली की ती परत येते, याचा जाब कोणी विचारायचा?

टीव्हीत खरखर येते ही तक्रार मात्र कधीकधी खरी असते. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून उच्च वारंवारितेचा प्रवाह उलटा घरात येतो, हे त्याचे कारण. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या ३१ नंबरच्या अडीच इंची कड्यावर पातळ कोॲक्सचे दहा-बारा वेढे घालून हा चोक, म्हणजे तो प्रवाह अडवणारी गुंडाळी, अँटेनाच्या जोडाशी बसवला, शेजाऱ्याच्या सीसीटीव्हीच्या अडॅप्टरवर एक चिमट्याचा फेराइट लावला, की बहुतेक वेळा तक्रार मिटते. हे काम एका दुपारचे आहे. उलट लिफ्टचा ड्राइव्ह, स्वस्त एलईडी दिवे, सोलरचा इन्व्हर्टर यांच्या गोंगाटाखाली आमचे दुबळे सिग्नल रोज गाडले जातात, त्याबद्दल आम्ही कोणाची वायर तोडत नाही.

"मग बाल्कनीत लावा ना," असे सांगतात. बाल्कनी तीन मीटरची, तार वीस मीटरची, भोवती लोखंडी ग्रिल आणि स्लॅबमधली सळई. एक मीटर व्यासाचे लूप, म्हणजे कड्यासारखी छोटी अँटेना, लावले तर ७ मेगाहर्ट्झवर बहुतेक शक्ती उष्णतेत जाते. १४५ मेगाहर्ट्झचा अर्धा मीटरचा उभा दांडा बाल्कनीत मावतो, पण इमारतीच्या पलीकडचे त्याला ऐकू येत नाही. आणि गच्चीवर तो लावायचा तर तीस मीटर आरजी-५८ ही पातळ कोॲक्स वापरून चालत नाही, त्यात तीन चतुर्थांश शक्ती केबलमध्येच संपते. जाड आरजी-२१३ हवी, आणि ती डक्टमधून खाली न्यायला परवानगी हवी.

अमेरिकेतही हे दुखणे आहे. तिथल्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये शहरांना हौशी अँटेनांची वाजवी सोय करायला लावले, पण घरमालक संघांच्या खासगी करारांना हात लावला नाही. १९९६ मध्ये एक मीटरपर्यंतच्या डिशना संरक्षण मिळाले, तेही रहिवाशाच्या एकट्याच्या ताब्यातल्या जागेपुरते, आणि हॅम त्यातून वगळले गेले. समान हक्काचे विधेयक २०१६ आणि २०१७ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले आणि दोन्ही वेळा सिनेटमध्ये अडकले. तिथे निदान घर घेताना माणूस त्या करारावर सही करतो. इथे अँटेनाबद्दलच्या कशावरही आम्ही सही केलेली नाही. इथे संस्थेच्या सचिवांची मर्जी हाच करार.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम पोर्ट ब्लेअरमध्ये होते, आणि अंदमानातून बातमी बाहेर गेली ती त्यांच्या रेडिओवरून. अँटेना आधीपासून उभी होती म्हणूनच ते जमले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईचे मोबाइल मुके झाले. पूर आल्यावर ना-हरकत मागत गच्चीची किल्ली शोधायची का? आपत्तीच्या बैठकांत आम्हाला बोलावता, प्रमाणपत्रे देता, आणि आमची तार तोडली जाते तेव्हा एका दारी सांगतात की विषय केंद्राचा, दुसऱ्या दारी सांगतात की गच्ची राज्याची. शेवटी सहकार न्यायालयात कलम ९१ खाली दावा लावा म्हणतात. पाचशे रुपयांच्या तारेसाठी वर्षानुवर्षे तारखा!

आपल्या हातात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७९अ आहे, ज्याखाली सरकार संस्थांना निर्देश देऊ शकते. पुनर्विकासासाठी ३ जानेवारी २००९ ला आणि पुन्हा ४ जुलै २०१९ ला सरकारने तेच वापरले. त्याच कलमाखाली निर्देश काढा: परवान्याची प्रत जोडलेल्या अर्जावर संस्थेने ३० दिवसांत लेखी, सकारण उत्तर द्यावे, न दिल्यास परवानगी मिळाली असे धरावे. गच्चीपासून सहा मीटरपर्यंतची काठी आणि एकवीस मीटरपर्यंतची तार, भोक न पाडता, नाकारता येऊ नये. बांधलेली अँटेना १५ दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय कोणी काढू नये आणि काढली तर खर्च समितीने सोसावा. पुनर्विकासाच्या प्रत्येक नव्या इमारतीत गच्चीपासून खाली ५० मिलिमीटरचा एक रिकामा पाइप ठेवावा. बांधतानाच टाकला तर खर्च नगण्य, नंतर भिंत फोडावी लागते.

मृग लागायच्या आत हे करा. ओल्या कठड्यावर चढून कोणालाही तार ओढायला लागू नये.

आपला,
पुण्यातील एक परवानाधारक हौशी रेडिओचालक