मांगर उघडून देणाऱ्यांचे आभार

२०२० च्या पावसाळ्यात शाळा बंद होत्या आणि वर्ग थेट मोबाइलवर भरू लागले, तेव्हा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या वाड्यावर रेंज मिळत असे ती केवळ डोंगरावर. परिपत्रके वेळेवर पोहोचत. बाईंचा आवाज मात्र निम्म्या गणितातच तुटे. छत्र्या धरून भिजत बसलेली मुले पाहून काजूच्या बागायतीतील एका वृद्ध दांपत्याने, कोणी न सांगता, आपला मांगर, म्हणजे बागायतीतले खोपटे, उघडून दिला, गळक्या छपरावर ताडपत्री बांधली आणि रेंज टिकणाऱ्या खिडकीच्या गजाला प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल टांगून दिला. आजी तर मुलांच्या ओल्या वह्या चुलीपाशी पान पान उलटून सुकवीत. पैसे त्यांनी घेतले नाहीत, नाव छापू दिले नाही; म्हणून आम्हा पालकांचे हे जाहीर आभार.