नोकरी सांभाळून भाड्याची घरे घेऊ पाहणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. नोकरी न सोडता दर दोन वर्षांनी एक याप्रमाणे भाड्याने देण्यासाठी घरे घेत जायची आणि दहा वर्षांत पाच घरांचे भाडे सुरू व्हावे अशी व्यवस्था करायची, हा तुझा बेत मी लक्षपूर्वक वाचला. बेत मला मनापासून आवडला, पण त्यातल्या एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. पुढचे घर कधी घ्यायचे हे वर्षे मोजून ठरवू नकोस. ते मागच्या घराकडे पाहून ठरव. पहिल्या घरातला एक भाडेकरू जाऊन दुसरा आला, मधला रिकामा काळ निभावला, एखादी मोठी दुरुस्ती निघाली आणि हा सगळा खर्च त्या घराच्याच भाड्यातून भागला, तरच ते घर स्वतःच्या पायावर उभे राहिले असे म्हणता येईल. तोवर दुसऱ्या घराचा विसार देऊ नकोस, मग त्याला दोनऐवजी चार वर्षे लागली तरी चालतील.

माझ्या या आग्रहाचे मूळ कर्जाच्या हिशेबात आहे. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी कर्ज घेतले, तर पहिल्या हप्त्यातला सुमारे 83 टक्के भाग व्याजातच जातो. एकही हप्ता न चुकवता निम्मे मुद्दल फिटायला जवळजवळ 14 वर्षे लागतात आणि उरलेले निम्मे शेवटच्या सहा वर्षांत फिटते. तुझ्या बेतातल्या दहाव्या वर्षी पाच घरे नावावर असतील हे खरे, पण आज घेतलेल्या पहिल्या घराचेही सुमारे 71 टक्के मुद्दल तेव्हा शिल्लक असेल आणि बाकीच्या चार घरांचे त्याहूनही अधिक. व्याजदर बदलता असेल, तर आणखी एक आकडा ध्यानात ठेव. कर्जाच्या सुरुवातीलाच दर 9 वरून 10 टक्क्यांवर गेला आणि हप्ता आहे तेवढाच ठेवला, तर 20 वर्षांची मुदत 26 वर्षांच्याही पुढे सरकते. घर एकच असेल तर अशी दरवाढ पगारातून सोसता येते. पाच कर्जांवर ती एकाच महिन्यात येऊन आदळते. शिवाय किमतीचा पाचवा भाग स्वतःचा घालून बाकीचे कर्ज काढलेस आणि घराची किंमत 10 टक्क्यांनी उतरली, तर तू घातलेल्या रकमेतली निम्मी कागदावर तरी नाहीशी झालेली असते. विकायची घाई नसेल तर हे निभावते. विकायची पाळी येऊ नये, यासाठीच सावकाश जायचे.

भाड्याचा हिशेब मांडताना एजंट महिन्याच्या भाड्याला बाराने गुणतो आणि आपणही त्याच्या मागोमाग तेच करतो. मी अकरानेच गुणतो. त्यातून मालमत्ता कर, इमारतीची देखभाल वर्गणी आणि विम्याचा हप्ता वजा करतो, उरलेल्या रकमेचा दहावा भाग दुरुस्तीसाठी बाजूला काढतो आणि मगच शिल्लक वर्षभराच्या हप्त्यांशी ताडून पाहतो. बहुतेक वेळा शिल्लक कमी पडते आणि ती तूट पगारातून भरावी लागते. एका घराची तूट भरण्यात काही गैर नाही, मात्र ती किती आहे आणि भाडे वाढत जाईल तशी ती कोणत्या वर्षी संपेल, हे खरेदीच्या आधी कागदावर मांडलेले असावे. घराची किंमत वाढेलही, पण त्या वाढीतून या महिन्याचा हप्ता भरता येत नाही, म्हणून तिला या हिशेबात जागा देऊ नकोस. प्रत्येक घराचे बँक खाते वेगळे ठेव, आणि अनामत रक्कम तर त्याहूनही निराळी, कारण ती आपली नसतेच.

तुझा पगार हा या साऱ्याचा पाया आहे, हे तू पत्रात ओझरतेच लिहिले आहेस; मला ते फार महत्त्वाचे वाटते. बँक कर्ज देते ते मुख्यतः नियमित पगार पाहून. भाड्याचे उत्पन्न ती धरते तेव्हाही सहसा पूर्ण धरत नाही, त्यामुळे दोन घरे झाल्यावर नोकरी सोडली तर तिसरे कर्ज मिळणे अवघड होते. दुसरे असे की, ज्या उद्योगावर तुझी नोकरी चालते, त्याच उद्योगातल्या लोकांच्या वस्तीत सगळी घरे घेऊ नकोस. मंदी आली की भाडेकरू घरे सोडतात आणि नेमकी त्याच सुमारास आपल्याही नोकरीवर गदा येते. दोन उत्पन्ने आहेत असे आपण समजत असतो, ती मुळात एकच असतात. निदान सहा महिन्यांचे सर्व हप्ते रोख बाजूला असल्याशिवाय नव्या कर्जाच्या अर्जावर सही करू नकोस. नेमणुकीच्या अटींत इतर उत्पन्न कळवण्याची अट आहे का, तेही एकदा पाहून घे.

आता वेळेविषयी. तू शनिवार-रविवारचे बोलतोस, पण नळ फुटतो तो कामाच्या दिवशी, तू बैठकीत असताना. यावर माझ्या मते सर्वांत उपयोगी तोडगा म्हणजे करारातच एक ठराविक रक्कम लिहून ठेवायची आणि तेवढ्या खर्चाची दुरुस्ती भाडेकरूने न विचारता करून घ्यावी, पावती पाठवावी आणि पुढच्या भाड्यातून ती वजा करावी, अशी मुभा द्यायची. एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन कायमचे धरून ठेव आणि त्यांचे पैसे काम झाले त्याच दिवशी दे. अशा माणसाचा फोन ते उचलतात. किल्ली देताना प्रत्येक खोलीचे फोटो आणि मीटरचे आकडे दोघांच्या सह्यांनिशी नोंदवले, तर घर सोडताना अनामतीवरून वाद होत नाहीत. घरे दोनाच्या पुढे गेली की पगारी व्यवस्थापक नेमावा असे मला वाटते, आणि त्याचा खर्च आजच हिशेबात धरावा.

घर पाहायला जाशील तेव्हा नुकताच रंग दिलेल्या घराविषयी अधिक सावध राहा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते की कोपऱ्यात साचते, ते थांबून पाहा. भिंतीतल्या कपाटाचे दार उघडून मागच्या बाजूला तळहात टेकव. ओल असेल तर तिथे गारवा लागतो आणि कुबट वास येतो. खिडकीच्या खालच्या कडेशी रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून झिरपते आहे असे समज, आणि ती दुरुस्ती तुझ्या एकट्याच्या हातात नसते. जमले तर खालच्या मजल्यावरच्या माणसांशीही बोल. गळतीची खरी हकिगत त्यांना ठाऊक असते.

भाडेकरूबद्दल तुझ्या पत्रात फारसे काही नाही, याचे मला थोडे वाईट वाटले. तो आपल्या घरात संसार मांडतो आणि आपला हप्ता बव्हंशी त्याच्या कष्टाच्या पैशांतून जातो. पाणी येत नाही म्हणून त्याने फोन केला, तर त्याच दिवशी उत्तर मिळणे हा त्याचा हक्कच आहे. व्यवहारानेही हे पटावे: 8 टक्के भाडेवाढीच्या हट्टापायी वेळेवर भाडे देणारा माणूस गेला आणि घर एक महिना रिकामे राहिले, तर नव्या भाड्याने अकरा महिन्यांत मिळणारी रक्कम जुन्या भाड्याच्या बारा महिन्यांहून कमीच भरते, रंगाचा आणि दलालीचा खर्च तर त्यात धरलेलाच नाही.

कुठलेही घर पक्के करण्याआधी खरेदीच्या कराराचा मसुदा वकिलाला दाखव आणि वहिनींनाही सारा हिशेब समजावून सांग, कारण कर्जाला सहकर्जदार म्हणून त्यांचीही सही लागेल असे तूच लिहिले आहेस. तू पाहिलेल्या घराचे अपेक्षित भाडे, वर्षभराची देखभाल वर्गणी आणि बँकेने दिलेला परतफेडीचा तक्ता मला पाठव. आकडे मांडून पुढच्या आठवड्यात कळवतो. तोवर विसार देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र