राहिलेला एक गुणाकार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला इओसिनोफिलवरचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरचा, लेख वाचला. आपल्याकडे सगळे 'इसनोफिल' म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. १८७९ साली पॉल एर्लिख यांनी इओसिन या गुलाबी रंगद्रव्यावरून या पेशी ओळखल्या, ते आलं. गुलाबी दाण्यांचं चित्र आलं. 'सहा टक्क्यांच्या वर म्हणजे अ‍ॅलर्जी' हे तर चौकटीत आलं. एक गुणाकार तेवढा राहिला.

त्या गुणाकारापायी आमच्या सूनबाईंनी गेल्या दिवाळीत बारा दिवस नको त्या गोळ्या खाल्ल्या, म्हणून हे पत्र.

सोयाबीनची मळणी सुरू झाली की धुराळ्यानं आमचं अर्धं गाव खोकतं. सूनबाई खोकतच माहेरी गेल्या. तिथं रक्त तपासलं. इसनोफिल ९ टक्के, ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण. बाण पाहून तिथल्या डॉक्टरांनी डायइथाइल कार्बामाझिनचा, म्हणजे हत्तीरोगावरच्या गोळ्यांचा, २१ दिवसांचा कोर्स लिहिला. विहीणबाईंनी वरून दही, केळी आणि सीताफळ बंद केलं. ऐन सीताफळाच्या दिवसांत! गोळ्यांनी मळमळ, चक्कर सुरू झाली ती वेगळीच.

परत आल्यावर रिपोर्ट माझ्या हाती पडला. त्याच कागदावर चार ओळी वर एकूण पांढऱ्या पेशी लिहिल्या होत्या, ४,०००. त्याचे ९ टक्के म्हणजे ३६०. घनमिलिमीटरला ५०० पर्यंत इसनोफिल कोणाच्याही रक्तात असू शकतात. ज्या ट्रॉपिकल इओसिनोफिलियासाठी (हत्तीरोगाच्या जंतांमुळं होणाऱ्या फुफ्फुसाच्या त्रासासाठी) या गोळ्या देतात, त्यात आकडा बहुधा ३,००० च्या पुढं जातो आणि खोकला रात्री झोपू देत नाही. सूनबाई रात्री छान झोपत होत्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून गोळ्या थांबवल्या. मळणी संपली तसा खोकलाही गेला.

मुलाला हे समजावलं तर म्हणतो, "बाबा, तुमचा जमाना गेला, आता मशीन मोजतं." अरे, मशीननं बरोबरच मोजलं होतं! मी तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये लेशमन नावाच्या रंगानं रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइडी पाहिल्या. लाइट गेली की आरशाचा मायक्रोस्कोप उचलून खिडकीशी न्यायचा. आम्ही शंभर पेशी मोजायचो. शंभरात ५ इसनोफिल सापडले तर खरा टक्का २ ते ११ मध्ये कुठंही असू शकतो, हे आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात डोक्यात घातलं होतं. शंका आली की इओसिनच्या द्रावात रक्त मिसळून चेंबरवर, म्हणजे चौकटी आखलेल्या काचेवर, वेगळी मोजणी करायची. मशीन हजारो पेशी मोजतं, माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं. वाचणाऱ्याला वरची ओळ पाहायला काय होतं?

उलटंही होतं. शेजारच्या एका शेतकऱ्याच्या रिपोर्टात इसनोफिल फक्त ५ टक्के होते, ना बाण ना ठळक अक्षर. पण एकूण पेशी १३,०००, म्हणजे इसनोफिल ६५०. माणूस जन्मभर अनवाणी रानात जाणारा. मी मागं लागून शौचाची तपासणी करायला लावली, तर अनवाणी पायातून शिरणाऱ्या अंकुशकृमीची, म्हणजे आतड्यातल्या जंताची, अंडी निघाली. तुमच्या चौकटीच्या हिशोबानं हा गडी ठणठणीत!

स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हेच इसनोफिल जवळपास दिसेनासे होतात, आणि सकाळी कमी, रात्री जास्त असं एकाच माणसाचं रक्त एकाच दिवसात सांगतं. हेही लेखात नाही. जागा नसेल. कारण त्याच पानावर खाली अर्धं पान 'रक्तशुद्धी काढ्या'ची जाहिरात आहे. वर इसनोफिलची भीती, खाली काढा. योगायोग असेल, मी काही म्हणत नाही.

आणि आकड्यांचंच निघालं म्हणून सांगतो. तुमच्या बाजारभावाच्या रकान्यात जिंतूरचा सोयाबीनचा भाव सलग तीन दिवस तोच छापून येतोय. मोंढ्यात तो रोज बदलतो. तेवढं पाहावं.

आपला वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
ता. जिंतूर, जि. परभणी