वाळवंटी नदीकाठचं घर उघडलं

गोव्यातल्या साखळीत माहेरच्या बंद घरात एकटीनं पुन्हा चूल मांडणाऱ्या ताईंना हात देऊन नाव न सांगता गेलेल्या सर्वांचे आभार.

गवंड्यांचे विशेष. चिऱ्याच्या भिंतीवरचं सिमेंट खरवडून त्यांनी चुन्याचा गिलावा केला: एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, वर आठवडाभर पाणी. सिमेंट ओल कोंडतं, मग पापुद्रे सुटतात. घाईतल्या कंत्राटदाराला हे कोण सांगणार! कौलं उतरवून वाळवीच्या रिपा बदलणारे, पुराचं पाणी शिरलेली विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकणारेही आठवतात. मामलेदार कार्यालयात म्युटेशनचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याचा, अर्ज लिहून देणाऱ्यांचेही आभार. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच; जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव मात्र अर्ज केल्यावरच चढतं.