कॅरियरचा आवाज: दुकानदार म्हणतात तसं नाहीये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती होऊन एवढे दिवस झाले, गावाला गेलेले सगळे परत आले, पण गाड्यांवरची कॅरियर काही खाली उतरली नाहीत. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधेच चार आहेत, चारही रिकामी. मागच्या वर्षी मी पण त्यातलाच होतो म्हणून लिहितोय.

कणकवलीला जायचं म्हणून साधं दोन गोल पाइपांचं कॅरियर बसवून घेतलं. जाताना बॅगा होत्या, तेव्हा त्यांच्यावर बांधलेला पट्टा सारखा फडफडत होता. येताना वर काहीच नव्हतं, फोंडा घाटात सगळं शांत, पण कोल्हापूर सोडून हायवेला गाडी सत्तरच्या वर गेली आणि डोक्यावर घूंऽऽऽ सुरू. मागे झोपलेली आई उठून म्हणते, अरे तंबोरा कोण लावतंय? मला वाटलं बेअरिंग गेलं, पुण्यात येऊन चाकं खोलून घेतली, काही निघालं नाही. कॅरियरवाल्याला विचारलं तर म्हणे साहेब, कॅरियर म्हटल्यावर आवाज येणारच.

येणारच वगैरे काही नसतं हो. गोल पाइपवरून वारा गेला की मागे एकदा वरून एकदा खालून असे भोवरे सुटत राहतात. माझा पाइप २५ मिमीचा, ताशी ८० च्या स्पीडला या वरखालच्या भोवऱ्यांच्या सेकंदाला साधारण पावणेदोनशे जोड्या सुटतात आणि तोच सूर टपातून आत येतो, म्हणून तर स्पीड वाढवला की सूर चढतो. कारखान्याच्या लोखंडी चिमणीला वरच्या भागात गोल गोल फिरत गेलेली पट्टी बघितली असेल, ती शोभेची नसते, वाऱ्याने चिमणी हलू नये म्हणून हेच भोवरे मोडायला असते. मी तेच केलं, कपडे वाळत घालायची जुनी नायलॉनची दोरी पुढच्या पाइपला दोन वेढ्यांमधे वीतभर अंतर ठेवून गुंडाळली, दोन्ही टोकांना घट्ट गाठ. घूं जवळजवळ गेलं. उरली बारीक शिट्टी, ती पाइपच्या उघड्या तोंडांची, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की वाजते ना तशी, तिथे प्लास्टिकची टोपणं ठोकली. आणि पट्टा बांधताना त्याला मधे एक पीळ द्यायचा, फडफड थांबते. (हे मला एका टेम्पोवाल्याने शिकवलं, इंजिनिअर भाच्याने नाही!)

विमानाच्या पंखासारखे चपटे बार मिळतात, ते मुळातच कमी वाजतात पण महाग असतात. दुकानदारांना एवढंच सांगणं आहे की गोल पाइप विकताय तर टोपणं आणि पाइपला पुरेल एवढी दोरी बसवतानाच द्या की. आणि रिकामं कॅरियर वर्षभर वागवून वाऱ्याशी झटत पेट्रोल कशाला जाळायचं, माझं काढायला पाना घेऊन दहा मिनिटं लागली, आता माळ्यावर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत लोक परत सामान चढवतील, त्याआधी छापलंत तर बरं होईल.

आपला एक वाचक, पुणे