माफी करू, पण कोणाला?

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी बागेत होतो, रेंज गुल, म्हणून आता निवांत लिहितोय. मोठं होईल, चहा घेऊन बस. मोहोर बरा आहे यंदा पण माकडांनी जीव नकोसा केलाय. राखणीला तोच गुरखा आहे, मे महिन्यात तुला शहाळी काढून दिली होती तो. नेपाळी दिसला की आपण गुरखा म्हणून मोकळे, हा खरा थारू, म्हणजे नेपाळच्या तराईतल्या आदिवासी जमातीचा, बर्दिया जिल्ह्यातला, आणि मला हे कळायला चार वर्षं लागली मेल्या.

परवा मांगराजवळ शेकत बसलेलो, त्याने मोबाईलच्या कव्हरमधनं एक पासपोर्ट साईज फोटो काढला. मोठा भाऊ. २००२ साली रात्री गणवेशातली माणसं आली, माओवादी असल्याचा संशय म्हणे, घेऊन गेली ती गेली, बॉडी नाही की कागद नाही. एकट्या बर्दियात अशी २०० वर माणसं गायब झाली, बहुतेक थारूच. फोटोचा कपाळाकडचा भाग दमटाने उडालाय, तिथे बोट ठेवून म्हणतो, यहां चोट का निशान था.

मग दोन रात्री मी नेटवर वाचत बसलो. नेपाळात सरकार आणि माओवाद्यांचं युद्ध १९९६ ते २००६, शेवटी झालेल्या शांतता करारात लिहून दिलेलं की बेपत्ता लोकांची माहिती ६० दिवसांत जाहीर करू. कसली जाहीर करतायत. २०१४ ला कायदा आणला त्यात गंभीर गुन्ह्यांनाही माफीची पळवाट, २०१५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती उडवली, २०२४ ला कायदा परत बदलला, आता माणूस गायब करणाऱ्याला माफी नाही, पण शिक्षेत सूट आहेच. आणि माफी दोन्ही बाजूंना हवी, कारण हात दोघांचेही बरबटलेले.

मी त्याला म्हटलं, शांतता हवी तर कुठेतरी सोडून द्यावंच लागतं ना. तर म्हणाला, "दादा, माफ करेंगे, पर किसको? नाम तो बताओ." मी गप्प.

बाबांची आंब्याची तीन कलमं रातोरात तोडलेली आठवतायत ना तुला? गावकीने देवळात नारळ ठेवून मिटवलं. मिटवणाऱ्यांपैकी एकाचंही कलम तुटलं नव्हतं. कोणी तोडली ते काही बाहेर आलं नाही, आणि बाबा शेवटपर्यंत सगळ्याच भावकीकडे संशयाने बघत राहिले.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट गेल्यावर निदान एकेकाने स्वतः अर्ज करायचा, केलेलं सगळं उघड सांगायचं, तरच माफी. ७००० वर अर्ज आले, मिळाली ८४९ ना, वर्णभेदाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको कोठडीत मेला त्यातल्या पोलिसांना नाकारली. नाकारलेल्यांवर पुढे खटले फारसे चालले नाहीत तो भाग वेगळा.

पण मला आवडलं ते चिलीचं. तिथला हुकूमशहा पिनोशे, त्याच्या राजवटीने १९७८ ला आपल्याच माणसांना माफी देऊन टाकली, १९७३ पासूनच्या गुन्ह्यांची. तर जज म्हणाले, माणूस सापडला नाही ना अजून, मग अपहरण चालूच आहे, ७८ ला संपलेलंच नाही, माफी लागू कशी होणार? २००४ ला सुप्रीम कोर्टानेही हेच धरलं. काय डोकं चालवलंय बघ! हे मी मोडक्या हिंदीत गुरख्याला सांगितलं, तर म्हणे भाभी भी यही बोलती है. ती अजून कुंकू लावते, गाव नावं ठेवतो.

मला आपल्या वाडीतली काकी आठवली, २००९ च्या फयान वादळात नवरा समुद्रात गेला ती. सात वर्षं थांबली, मग वकील म्हणाला आता कायद्याने मयत धरता येईल, तेव्हा सही केली. पण समुद्राला काय विचारणार? तिकडे नेपाळात विचारायला माणसं आहेत, पेन्शन खातायत.

तुझ्याकडे एक काम आहे. फोटो व्हॉट्सअपवर टाकलाय, तुझ्या ऑफिसखालचा स्टुडिओवाला जुने फोटो नीट करून देतो ना, त्याच्याकडून करून घे, हा जूनमध्ये घरी जाताना नेणार आहे. फक्त कपाळ भरताना डाव्या भुवईच्या वर वण काढायला सांग, बोटाच्या पेराएवढा, आडवा. त्याशिवाय ओळख पटणार नाही म्हणतो.

तुझा,
अण्या